एमजीबी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते : दोष शोधण्याची पद्धत

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दलची ही तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. सकाळी चोक ओढला की गाडी लगेच चालू होते, पहिले दहा-पंधरा मैल उत्तम चालते, मग एखाद्या चढावर किंवा सिग्नलपाशी मिस मारू लागते आणि बंद पडते. अर्धा तास थांबले की काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये नेली तर तिथे तिला काहीही होत नाही. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, कार्बुरेटर उघडले जातात, आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी असते. इंग्लंडमध्ये जुन्या एमजीबी बाळगणाऱ्यांत ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि तिच्यावरच्या बहुतेक सल्ल्यांची सुरुवात ‘अमुक भाग बदलून पाहा’ अशी होते. माझे मत याच्या उलट आहे. दोष सिद्ध झाल्याशिवाय एकही भाग बदलू नये, कारण आज बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे छोटे भाग) अनेकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या भागांइतकेही भरवशाचे नसतात, आणि जुना दोष शोधता शोधता गाडीत एक नवा दोष बसवला गेला की मूळ दोषाची खूण पुसली जाते.

पुढे जे लिहिले आहे ते प्रामुख्याने १९६८ ते १९७४ या काळातल्या, म्हणजे निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या) आणि क्रोम बंपरच्या ब्रिटिश बाजारातील एमजीबीला लागू आहे. माझी स्वतःची गाडी १९७० सालची जीटी (बंद छपराची) आहे: १७९८ घन सेंटिमीटरचे बी-सिरीज इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्बुरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर आणि मागच्या बाजूला ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या आणि त्या अठरा वर्षांत विजेची रचना अनेकदा बदलली, त्यामुळे आपल्या गाडीचे साल पाहूनच आकडे घ्यावेत. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांचे टायमिंगचे (ठिणगी पडण्याच्या वेळेचे) आकडे तर वेगळेच आहेत. भारतात ज्यांनी पेट्रोलची जुनी ॲम्बॅसडर हाताळली आहे त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, कारण तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले होते आणि पॉइंट, कंडेन्सर, कॉइल यांचा खेळही तोच होता. (पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा संपर्क. तो उघडला की कॉइल ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करते, कंडेन्सर पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरतो, आणि रोटर ती वीज एकेका प्लगकडे पाठवतो.)

बंद पडतानाचे काही सेकंद

सर्वांत मोलाचा पुरावा गाडी बंद पडत असतानाच मिळतो, आणि नेमका तोच बहुतेकांच्या हातून निसटतो, कारण त्या क्षणी सगळे लक्ष गाडी सुरक्षित कडेला घेण्याकडे असते. ते लक्ष तिथेच असले पाहिजे. पण रस्ता मोकळा असेल तर क्लच न दाबता, गाडी गिअरमध्येच ठेवून, आरपीएमच्या काट्याकडे एक नजर टाकावी. चाके इंजिनाला फिरवतच असतात, म्हणजे डिस्ट्रिब्युटरही फिरत असतो. या गाड्यांत आरपीएम मीटर कॉइलच्या प्राथमिक (कमी दाबाच्या) सर्किटवर चालतो. ते सर्किट तुटले की इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर पडतो. असे झाले तर दोष चावीपासून पॉइंटपर्यंतच्या कमी दाबाच्या वायरिंगमध्ये आहे आणि कार्बुरेटरला हात लावण्याची गरज नाही. काटा मात्र गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत असेल, तर पॉइंट आपले काम करत आहेत आणि दोष त्यांच्या पुढे, म्हणजे कॉइलची आतली दुय्यम गुंडाळी, रोटर, कॅप, एचटी (उच्च दाबाच्या) वायरी यांत, किंवा मग पेट्रोलमध्ये आहे. काटा वेड्यासारखा वरखाली थरथरत असेल तर एखादा जोड सैल आहे किंवा कंडेन्सर जात चालला आहे.

दुसरी खूण बंद पडण्याच्या रीतीत असते. वीज तुटते तेव्हा इंजिन चावी फिरवल्यासारखे तत्काळ थांबते, किंवा तुटून पुन्हा जुळल्यास सायलेन्सरमध्ये मोठा बार होतो. पेट्रोल कमी पडते तेव्हा इंजिन आधी ओढायचे थांबते, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी मंदावते, कार्बुरेटरमधून फुसफुसते आणि मग मरते. शंका असेल तर त्याच वेळी चोक थोडा ओढून पाहावा. एसयू कार्बुरेटरमध्ये चोक ओढल्यावर जेट खाली येते आणि मिश्रण दाट होते. त्याने इंजिनात क्षणभर जरी जीव आला तरी पेट्रोलची टंचाई आहे असे समजावे, आणि काहीच फरक पडला नाही किंवा परिस्थिती बिघडली तर इग्निशनकडे वळावे.

तिसरी खूण गाडी पूर्ण थांबल्यावर, पण चावी हलवण्याआधी पाहावी. इग्निशनचा लाल दिवा लागला आहे का, पेट्रोलचा काटा जागेवर आहे का? दोन्ही मेलेले असतील तर चावीतून बाहेर पडणारा पुरवठाच गेला आहे: इग्निशन स्विच, त्याच्या मागचा जोड, किंवा बॅटऱ्यांचे टर्मिनल. दिवा लागला असेल तर पुरवठा निदान तिथपर्यंत शाबूत आहे. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत चालत्या गाडीची चावी मागे फिरवून कोणताही प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो.

कडेला थांबल्यावरच्या दोन चाचण्या

गाडी ‘बिघडलेल्या अवस्थेत’ असण्याचा हा काळ फार थोडा असतो. ती थंड झाली की दोष लपतो, म्हणून या दोन चाचण्यांची तयारी डिकीत कायम असावी. पहिली चाचणी ठिणगीची. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मध्यभागी येणारी जाड वायर कॅपमधून काढावी, इन्सुलेटेड पकडीने तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूपासून सुमारे ६ मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. जाड, निळसर, कडकडणारी ठिणगी नियमित येत असेल तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट त्या क्षणी ठीक आहेत. बारीक, पिवळट, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे त्या तिघांपैकी कोणीतरी आजारी आहे. ठिणगी अजिबातच नसेल तर व्होल्टमीटर काढावा. पेसमेकर असलेल्या माणसाने या चाचणीच्या जवळपासही राहू नये.

दुसरी चाचणी पेट्रोलची, आणि ती ठिणगीच्या चाचणीनंतर, कॉइलची वायर परत जागेवर बसवल्यावरच करावी. चावी चालू केल्यावर मागून एसयू पंपाची टिकटिक काही वेळ यावी आणि कार्बुरेटरची वाटी भरली की थांबावी. टिकटिक आलीच नाही तर पंपाला वीज नाही किंवा त्याचे स्वतःचे संपर्कबिंदू चिकटले आहेत. पंपाला हातोडीच्या दांड्याने हलके ठोकल्यावर तो चालू झाला तर दुसरी शक्यता पक्की. टिकटिक न थांबता वेगाने चालूच राहिली तर पंप हवा ओढतो आहे किंवा टाकीतले पेट्रोल संपले आहे. पंप टिकटिकतो पण कार्बुरेटर कोरडा आहे असे वाटल्यास पुढच्या कार्बुरेटरला येणारी नळी काढून तिचे तोंड एका भांड्यात धरावे. निरोगी पंप मिनिटाला अर्ध्या लिटरहून बरेच अधिक पेट्रोल देतो. एमजीबीत दोन्ही कार्बुरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर आहेत, त्यामुळे गरम इंजिनावर ही नळी काढताना अग्निशामक हाताशी असलाच पाहिजे, आणि तो नसेल तर ही चाचणी घरी, इंजिन थंड झाल्यावर करावी.

या दोन चाचण्यांनी अर्धे क्षेत्र बाद होते. त्यानंतर जे काही करायचे ते घरी, शांतपणे, कॅप काढून आणि मीटर लावून करता येते.

पुरवठा : बॅटरीपासून कॉइलपर्यंत

आरपीएमचा काटा एकदम पडत असेल तर इथून सुरुवात करावी. लुकासच्या वायरिंगमध्ये चावीतून येणारा, फ्यूज नसलेला पुरवठा पांढऱ्या वायरीने जातो. तीच वायर कॉइलला आणि पंपालाही वीज देते. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत जाणारी वायर पांढरी असते आणि तिच्यावर काळी रेघ असते. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू करून कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असेल तर वाटेतला एखादा जोड वीज खातो आहे. हे जोड म्हणजे इग्निशन स्विच आणि वायरींना जोडणारे ते गोल बुलेट कनेक्टर, ज्यांच्या आतला पितळी भाग इतक्या वर्षांत हिरवट-काळा पडलेला असतो. मीटर लावलेला असतानाच स्विचच्या मागची वायर हलवावी, चावी डावीउजवीकडे किंचित डोलवावी, आकडा उडतो का ते पाहावे. दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारी केबल आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी हेही विसरू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ती पट्टी सैल झाली की स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या केबल गरम होतात.

रस्त्यावर पुरवठा संशयित वाटल्यास एक सोपी खात्री करता येते. फ्यूज बॉक्सवरच्या कायम जिवंत असलेल्या तपकिरी वायरीच्या टर्मिनलपासून थेट कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलपर्यंत, मधे फ्यूज बसवलेली एक तात्पुरती वायर जोडावी. तिने गाडी नीट चालू लागली तर दोष चावीच्या बाजूला आहे. मात्र अशी वायर लावली की चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. वायरच काढावी लागते, आणि ती विसरली तर कॉइल जळते. १९७२ पर्यंतच्या गाड्यांत आरपीएम मीटर मूळ पांढऱ्या वायरीच्या वाटेवर असल्याने तो या वेळी वाचन दाखवणार नाही. त्याने गोंधळू नये. १९७४ च्या शरदापासूनच्या, म्हणजे रबर बंपरच्या गाड्यांना ही युक्ती जशीच्या तशी लावू नये, कारण त्यांची कॉइल ६ व्होल्टची असते आणि तिच्या वाटेत एक रोधक वायर असते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत

आता मीटरचे एक टोक कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला, आणि दुसरे अर्थवर ठेवावे. पॉइंट उघडे असताना तिथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसले पाहिजे आणि मिटलेले असताना जवळजवळ शून्य. उघड्या पॉइंटवरही शून्य दिसत असेल तर काहीतरी अर्थला टेकले आहे: शॉर्ट झालेला कंडेन्सर, किंवा चुकीच्या क्रमाने लावलेले टर्मिनल. २५डी४ मध्ये कंडेन्सरची आणि कॉइलची अशी दोन्ही वायरींची टोके पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण मधल्या खिळ्याला किंवा नटला टेकता कामा नयेत. त्यासाठीच ते छोटे प्लॅस्टिकचे टोपीसारखे बुश असते. पॉइंट बदलल्यावर गाडी चालूच होत नाही असे जेव्हा कोणी सांगतो तेव्हा मी आधी हे बुश पाहायला सांगतो.

उलट, मिटलेल्या पॉइंटवर पाव व्होल्टहून अधिक शिल्लक दिसत असेल तर पॉइंट घाण किंवा जळलेले आहेत, नाहीतर पॉइंटची पाटी आणि डिस्ट्रिब्युटरचे अंग यांना जोडणारी बारीक अर्थ वायर तुटत आली आहे. या वायरीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या गाडीतला मूळ दोष तोच निघाला आणि तो कोणत्याही नव्या भागाने कधीच गेला नसता.

पॉइंटची पाटी स्थिर नसते. व्हॅक्यूमचा डबा (इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारा) तिला ओढतो, तशी ती काही अंश फिरते आणि टायमिंग पुढे जाते. म्हणून तिला जोडणाऱ्या दोन वायरी, अर्थची आणि आत येणारी कमी दाबाची, अतिशय लवचिक असाव्या लागतात, आणि हजारो मैलांच्या ओढाताणीत त्यांच्या आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. वरचे आवरण मात्र धडधाकट राहते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. माझी गाडी आयडलिंगला बंद पडत नसे, पूर्ण ॲक्सिलरेटरवरही पडत नसे. पडत असे ती सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, पन्नास मैलांच्या वेगाने जाताना. आरपीएमचा काटा तेव्हा एकदम खाली कोसळे. माझ्या गाडीत व्हॅक्यूमची नळी कार्बुरेटरला जोडलेली आहे, आणि व्हॅक्यूम सर्वाधिक असतो तो नेमका अशाच हलक्या ॲक्सिलरेटरवर, म्हणजे तेव्हाच पाटी सर्वांत जास्त ओढली जाते. हे एकदा लक्षात आल्यावर चाचणी अगदी सोपी होती: डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून कार्बुरेटरच्या बाजूचे भोक बंद केले आणि त्याच रस्त्यावर गाडी नेली. ती एकदाही बंद पडली नाही. मग कॅप काढून, मीटर ओहमवर लावून, पाटी बोटाने फिरवली तेव्हा अर्थ वायरीचा रोध तिच्या हालचालीच्या अर्ध्या वाटेतच शून्यावरून अमर्याद होताना दिसला. नवी वायर कापडी आवरणाची, खूप बारीक तंतूंची असावी. साधी जाड वायर तिथे डाग देऊन बसवली तर ती पाटीला अडवते आणि थोड्याच दिवसांत तुटते.

याच वेळी व्हॅक्यूमच्या डब्याचा पडदा फाटलेला नाही ना, हे नळी तोंडाने ओढून पाहावे. पाटी हलली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. तसेच डिस्ट्रिब्युटरचा दांडा धरून आडवा हलवावा. तो जाणवण्याइतका डोलत असेल तर आतले बुश झिजले आहे आणि पॉइंटचे अंतर दर फेरीत बदलते आहे, मग कितीही काळजीने सेट केले तरी आयडलिंग स्थिर होणार नाही. त्यावर डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करून घेणे हाच इलाज आहे.

नवे भाग, नवे संशय

अर्थ वायर बदलल्यावर सपाट रस्त्यावरचे बंद पडणे गेले, पण गरम झाल्यावर मिस मारणे राहिलेच. पुन्हा पुन्हा परतणाऱ्या तक्रारीमागे असे दोन स्वतंत्र दोष असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि एक दुरुस्त झाल्यावर उरलेल्याची लक्षणे जास्त स्पष्ट होतात. यावेळी आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबर उतरत होता. म्हणजे पॉइंटपर्यंत सर्व ठीक.

रोटर तपासण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. कॅप काढावी, रोटर जागेवर ठेवावा, पॉइंट मिटलेले असतील अशा ठिकाणी इंजिन आणावे, कॉइलच्या जाड वायरीचे टोक रोटरच्या पितळी पाटीच्या मध्यापासून ३ मिलिमीटरवर धरावे आणि चावी चालू करून इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट वारंवार उघडावेत. रोटर चांगला असेल तर ठिणगीला जायला जागाच नसते, फार तर एखादी क्षीण चमक दिसते. प्रत्येक वेळी सणसणीत ठिणगी रोटरवर उडत असेल तर ती रोटरच्या प्लॅस्टिकमधून खालच्या दांड्यात उतरते आहे. नव्याने बनणाऱ्या काही रोटरमध्ये पितळी पाटी बसवणारा रिव्हेट आतल्या स्प्रिंगच्या फार जवळ येतो आणि गरम झाल्यावर वीज तिथून फुटते. थंड असताना तोच रोटर निर्दोष वाटतो. म्हणून ही चाचणी इंजिन गरम असताना करावी. माझ्या गाडीतला रोटर चाचणीत नापास झाला, आणि तो फारसा जुना नव्हता. रिव्हेट नसलेले, लाल रंगाचे रोटर आता मिळतात आणि मी तेच वापरतो. कॅपच्या आत कार्बनची केसासारखी काळी रेघ, मधल्या कार्बन ब्रशची झीज आणि ओल हेही याच वेळी पाहून घ्यावे. बाजूने वायरी घेणारी जुनी कॅप असेल तर तिच्यात वायर टोकदार स्क्रूने टोचून धरली जाते. ती रचना तांब्याच्या तारेसाठी आहे, कार्बनच्या दोरीच्या वायरी तिथे कधीच नीट पकडत नाहीत.

कंडेन्सर हा दुसरा मोठा संशयित. त्याची क्षमता ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड असावी, पण साध्या मीटरने थंड कंडेन्सर मोजून काहीच सिद्ध होत नाही, कारण तो उष्णतेत फसतो. त्यापेक्षा पॉइंट पाहावेत. एका पॉइंटवर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा झपाट्याने तयार होत असेल, पॉइंट निळसर जळलेले असतील, किंवा अंधारात कॅप काढून स्टार्टर मारल्यावर पॉइंटमध्ये मोठी चमक दिसत असेल, तर कंडेन्सर आपले काम करत नाही. खात्रीसाठी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून, दुसरा कंडेन्सर बाहेरच, कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला वायर आणि बॉडीला अंग अशा रीतीने जोडून गाडी चालवावी. अनेक जण तो कायमचाच तिथे ठेवतात, कारण डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या उष्णतेपासून तो वाचतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

कॉइलवर मात्र गरजेपेक्षा जास्त संशय घेतला जातो. कॉइल हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे. तिची प्राथमिक गुंडाळी मोजावी. या गाड्यांना ३.१ ते ३.५ ओहमची, पूर्ण १२ व्होल्टवर चालणारी कॉइल हवी. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी वजा करावा. दुकानातून चुकून दीड ओहमची, रोधक वायरीबरोबर वापरायची कॉइल आलेली असेल तर ती गाडी चालवते, ठिणगीही छान देते, पण दुप्पट प्रवाह ओढून स्वतः तापते, पॉइंट जाळते आणि मग तासाभराने गाडी बंद पाडते. याच्या उलट, रबर बंपरच्या गाडीत ३ ओहमची कॉइल बसवली तर ठिणगी कायम अशक्त राहते. दोन्ही प्रकार मी इतरांच्या गाड्यांत पाहिले आहेत. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाडीचे निगेटिव्हमध्ये रूपांतर केलेले असेल तर कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल केली आहे ना, तेही पाहावे. नसेल तर प्लगला ठिणगी उलट्या ध्रुवाची मिळते आणि गरम इंजिनात ती अपुरी पडते.

फक्त सिग्नलपाशी बंद पडणे

गाडी वेगात ठीक चालते आणि केवळ आयडलिंगला मरते, तेही गेल्या काही आठवड्यांत हळूहळू वाढत गेलेले, अशी तक्रार असेल तर पहिले काम फिलर गेज घेऊन पॉइंटचे अंतर मोजणे. २५डी४ साठी ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवे. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते तसे अंतर कमी होते आणि टायमिंग मागे पडते. आधी सुरुवात जड होते, मग आयडलिंग उतरते, आणि शेवटी पॉइंट उघडेनासेच होतात. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे मैलांत लवकर बसते, म्हणून तेव्हा पुन्हा मोजणे अनिवार्य आहे, आणि कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात हवा. अंतर बदलल्यावर टायमिंगही पुन्हा पाहावे. या इंजिनांना ते स्थिर अवस्थेत टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या बिंदूच्या) आधी १० अंश असते. प्लगचे अंतर ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे.

इथे सर्व बरोबर असूनही आयडलिंग डळमळत असेल तर मात्र मी इग्निशन सोडतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट, झिजलेले थ्रॉटलचे दांडे किंवा तडकलेली रबरी नळी यांतून हवा शिरत असेल, किंवा वाटीतली सुईची झडप अडकून पेट्रोल ओसंडत असेल. ओसंडणे ओव्हरफ्लोच्या नळीतून टपकणाऱ्या थेंबांवरून लगेच कळते.

उष्णता, पेट्रोल आणि वाफ

ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० झाले, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि झडपांची टोके त्याने खराब होतात, आणि नळीच्या आतून सुटलेला काळा कचरा वाटीत जाऊन बसतो. त्यामुळे मी सुपर म्हणून विकले जाणारे ई५ पेट्रोल घालतो आणि नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या लावल्या आहेत. उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर कार्बुरेटर खालच्या मॅनिफोल्डने भाजून निघतात. मधला उष्णतारोधक पत्रा आणि त्याच्यावरचे आवरण जागेवर आहे ना, हे पाहावे. पण उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो असा निष्कर्ष काढण्याआधी आणखी एक तपासणी करावी. गाडी बंद पडताच पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा मोठा फुसकारा आला आणि त्यानंतर पंप नीट टिकटिकू लागला, तर टाकीला श्वास घेण्याची वाट बंद झाली आहे. हा दोषही वीस-पंचवीस मिनिटांनी प्रकट होतो आणि थांबल्यावर आपोआप नाहीसा होतो, म्हणून तो कॉइलच्या नावावर खपतो.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवावे का, हा प्रश्न हमखास येतो. चांगले मॉड्यूल टाचेची झीज आणि कंडेन्सर दोन्ही प्रश्न मिटवते, त्यात वाद नाही. पण ते त्याच पाटीवर बसते, त्याच तुटक्या वायरींवर आणि त्याच पांढऱ्या वायरीच्या पुरवठ्यावर चालते, आणि रोटर तर तोच राहतो. मूळ दोष त्यांपैकी असेल तर मॉड्यूलने तो फक्त शोधायला अवघड होतो, कारण ते पॉइंटसारखे डोळ्यांनी तपासता येत नाही. त्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर ते एका क्षणात जळते. म्हणून आधी पॉइंटवर गाडी निर्दोष चालवावी, मग हवे तर मॉड्यूल बसवावे, आणि अंतर सेट केलेल्या पॉइंटची जोडलेली पाटी, चालून सिद्ध झालेला कंडेन्सर, रोटर, फ्यूज असलेली तात्पुरती वायर आणि टेस्ट लॅम्प हे सर्व डिकीत एका डब्यात ठेवावे. त्या डब्यात न वापरलेला भाग ठेवू नये. आधी तो गाडीत बसवून काहीशे मैल चालवावा, आणि उतरवलेला जुना, चालता भाग डब्यात टाकावा.